लॉज कसा होता, असं फोननं विचारलं

तारे द्या, असं लिहिलं होतं. पाच पोकळ तारे, आणि त्यांच्या वर प्रश्न : तुम्ही नुकतेच या लॉजवर होता, तुमचा अनुभव कसा होता?

फोन माझा, पण होता नवऱ्याच्या हातात. जिनिंगवरून आला की चहाच्या आधी माझा फोन बघायचा, हा त्याचा नेम. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. त्यानं तो प्रश्न आधी मनात वाचला, मग मोठ्यानं वाचला, आणि मग फोन जपून फ्रिजवर ठेवला, कारण फोन महागाचा होता. मग दारामागचं हेल्मेट उचललं.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्याला मी हात आडवा घातला, तो उजव्या मनगटावर आला आणि आत काहीतरी कट् असं वाजलं. परात खाली गेली. मी कणकेवरच पडले. त्यानं केस धरून मला उठवलं आणि माझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं.

"लॉजवर काय करून राह्यली होती?"

"अवो, जीप तिथंच थांबते. सारं गाव तिथंच उभं राह्यते."

"मंग मोबाइल काय खोटं बोलून राह्यला?"

आतल्या खोलीत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. हेही नेहमीचंच. मार सुरू झाला की त्या रिमोट शोधायच्या आणि मालिकेतल्या बायकांचं रडणं माझ्या रडण्यापेक्षा मोठं करायच्या. नवऱ्याला निदान राग आलेला असायचा. यांना काय झालेलं असायचं, ते मला कळत नसे. त्या काळात मला नवऱ्यापेक्षा सासूबाईंचा जास्त संताप यायचा, हे स्पष्टच सांगते.

आता त्या लॉजबद्दल. आमच्या कामरगावात काळ्यापिवळ्या जीपच्या थांब्यालाच 'लॉज' म्हणतात. कधीकाळी तिथे वरच्या मजल्यावर खरोखरीचा लॉज होता. तो बंद पडला, खाली खतांचं दुकान आलं, वर कबुतरं राहायला आली, पाटी मात्र अर्धी लोंबत राहिली, आणि नाव थांब्याला चिकटलं. म्हाताऱ्या बाया ड्रायव्हरला बिनदिक्कत सांगतात, "मले लॉजवर उतरून दे, बापा." कॉलेजच्या पोरी एकमेकींना फोनवर म्हणतात, लॉजवर ये, मी उभीच आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बापाच्या कपाळावर आठी पडत नाही. पण नकाशा ज्यांनी केला त्यांना हे कोण सांगणार? नकाशावर त्या जागी थांबा नव्हता, लॉज होता. मी रोज सकाळी तिथे जीप भरायची वाट बघत उभी राहायची, आणि फोन समजायचा की बाई लॉजवर गेली.

नवरा मूळचा रिठदचा. माझी बदली इकडे झाली म्हणून आम्ही कामरगावात आलो, आणि त्याला गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझरचं काम मिळालं. तो मोटारसायकलवर जाणारा माणूस, जीपसाठी कधी उभा राहिलेला नाही. त्यामुळे हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता. त्या संध्याकाळी तो माझा हात तसाच सोडून अंगणात गेला आणि भिंतीवरून शेजारच्या वहिनींना विचारलं, "वहिनी, हे लॉजवर असते काय व रोज?" त्या पापड गोळा करत होत्या. मोकळ्या मनानं म्हणाल्या, "हो न भाऊ, रोज सकाळी लॉजवरच तं दिसते. काहून?"

तो साक्षीदार घेऊन परत आला, असंच म्हणायचं. दुसरा मार पहिल्यापेक्षा शांतपणे झाला. वहिनी नंतर माझे पाय धरायला आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुमी काय करसान, तुमी खरंच बोलल्या.

मी आरोग्यसेविका आहे. उपकेंद्र आतल्या खेड्यात, तिथे जीपनं जायचं, गरोदर बायांची तपासणी, लसीकरण, गोळ्या, नोंदी. लोक मला 'शिस्टर' म्हणतात. दुसऱ्यांच्या बायांच्या अंगावरचे वळ मी लांबून ओळखते, 'न्हाणीत पडली' या उत्तराला मी कितीदा मान डोलावली असेल. माझ्या मनगटाला मीच पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड आपणच दाबायचं असतं.

फोन नवऱ्यानंच आणला होता, लग्नाच्या वाढदिवशी. सोबत डाव्या मनगटावर बांधायचा काळा पट्टा. त्यानं स्वतः बसून सगळं जोडून दिलं. कुटुंबाचं म्हणून एक अ‍ॅप होतं, त्यात मी कुठे आहे ते त्याला दिसायचं. पट्ट्यात नाडी, झोप, पावलं. फोनमध्ये माझी पाळी, माझ्या कॅम्पच्या तारखा, माझे कॉल. हे सगळं तो फोन आतल्या आत एकत्र कालवायचा आणि त्यातून 'तुमचा दिवस' नावाचं एक पान काढायचा. सकाळी उठले की पान तयार. आज ऊन कडक आहे, पाणी जास्त घ्या. काल झोप कमी झाली, आज लवकर झोपा. नेहमीच्या वेळेला निघा, रस्ता मोकळा आहे. दोन दिवसांत पाळी येईल, अशक्तपणा वाटू शकतो.

खरं सांगते, सुरुवातीला मला ते फार आवडलं होतं. कंबर दुखतेय का, असं मला त्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. एका यंत्रानं विचारलं तर मला भरून आलं. मी मैत्रिणींना पान दाखवत फिरायची. कोल्हा काकडीला राजी.

मग त्याच पानाची एक प्रत नवऱ्याकडे जाते हे कळलं. त्याच्या पानावर वेगळ्या ओळी असायच्या. नेहमीपेक्षा उशिरा निघाल्या. नेहमीपेक्षा वेगळ्या रस्त्यानं गेल्या. या ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. अ‍ॅपला माझी सवय पाठ झाली होती, आणि सवय मोडली की ते त्याला काळजीनं कळवायचं.

जीपचं तर त्याला काही केल्या कळेना. आमच्याकडची जीप सीटा भरल्याशिवाय गाव सोडत नाही. थोडी माणसं बसली की ड्रायव्हर गाडी काढतो, बाजारातून घेतो, शाळेवरून घेतो, पुन्हा लॉजवर येतो, पुन्हा बाजारातून. याला फेरी म्हणतात. आत बसलेली माणसं कुरकुरतात आणि बसून राहतात. अ‍ॅपवर ते असं दिसायचं की मी एकाच गल्लीतून पुन्हा पुन्हा जाते आहे. ज्या दिवशी फेऱ्या जास्त, त्या दिवशी संध्याकाळी माझी शंभरी भरलीच म्हणून समजायचं.

"त्या गल्लीत कोण राह्यते?"

"कोणी नाई. जीप फिरते."

"जीप गोल गोल काहून फिरीन? डोस्कं फिरलं काय तिचं?"

बोललं तरी मार, नाही बोललं तरी मार. एकदा मी तांड्यावर गेले होते. बाळंतीण होऊन चार तास झालेली बाई, रक्त थांबेना, तिच्या दिराच्या मोटारसायकलवर बसून मी आडवाटेनं गेले, दवाखान्याची गाडी बोलावली, तिचं पोट चोळत तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत गेले. ती वाचली. संध्याकाळी नवऱ्यानं चपातीच्या उलथण्यानं माझ्या पोटऱ्या फोडल्या, कारण अ‍ॅपनं त्याला कळवलं होतं : नेहमीपेक्षा वेगळ्या रस्त्यानं, अनोळखी ठिकाणी, वेग जास्त. आणि पट्ट्यानं आपलं म्हणणं जोडलं होतं : नाडी जलद. उलथणं मारतामारता तो हे वाचून दाखवत होता. "वेग जास्त, नाडी जलद," असं म्हणायचा आणि मारायचा.

तो फोन यायच्या आधी मारत नव्हता असं नाही. मारायचा. भाजी खारट झाली म्हणून, माझ्या भावानं लग्नाचं आमंत्रण फोनवर दिलं म्हणून. पण तेव्हा मारून झालं की तो रडायचा. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा, हळद लावून द्यायचा, बाहेरून जिलेबी आणायचा. पुरावा हातात आला आणि ते रडणं बंद झालं. आता तो न्याय करत होता. न्याय करणारा कशाला रडेल? दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना याचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. पहिलंच शील हिंसा न करण्याचं आहे. ते कोंबड्या-बकऱ्यांपुरतं असावं अशी त्याची समजूत दिसते.

आणि मीही हाच न्याय मान्य करून बसले होते. माझ्या मनानं असं घेतलं होतं की फोन चुकीचं सांगतो म्हणून मार बसतो. फोननं खरं सांगितलं तर मार थांबेल. त्या दिवसांत मला जगात दुसरं काही नको होतं, फक्त फोननं माझ्याबद्दल खरं बोलावं. मी फोनला शिकवायला लागले. रोज त्याच वेळी निघायचं, त्याच बाजूनं चालायचं, कोणी रस्त्यात थांबवलं तर चालता चालता बोलायचं. मावशी कामरगावातच राहते, तिच्या दारावरून जाताना मी मान वर करत नसे, फोनला शंका यायला नको. पट्ट्यानं नाडी जलद लिहू नये म्हणून जिने हळू चढायची.

लॉजच्या मारानंतर मी इरेला पेटले. उपकेंद्रात दुपारी बाया गेल्या की डाव्या हातानं फोन घेऊन बसायची. नकाशात ठिकाण जोडता येतं, चूक असेल तर कळवता येतं, हे मला सापडलं. मी थांब्यावर जाऊन फोटो काढले : जीपची रांग, खतांचं दुकान, लोंबणारी पाटी, वरची कबुतरं. लिहिलं, हा लॉज कायमचा बंद आहे. नवीन ठिकाण टाकलं, काळीपिवळी जीप थांबा, जुन्या लॉजखाली. लोक याला लॉज म्हणतात, असंही खाली लिहिलं. आधी ते नाकारलं गेलं. मी पुन्हा पाठवलं. ड्रायव्हरांना सांगितलं, तुमीही पाठवा. त्यांना गंमत वाटली. आपला थांबा नकाशावर येणार म्हणून त्यांनी स्वतःचे गाडीसोबतचे फोटो टाकले.

आणि एके दिवशी ते मान्य झालं. नकाशावरून लॉज गेला आणि थांबा आला. वर मला एक निरोपही आला, धन्यवाद, तुमच्या माहितीमुळे अनेकांना मदत होत आहे. मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून रडले. एखादी अडलेली बाई बाळंत होऊन सुटली की आपणही सुटल्यासारखं वाटतं, तसं मला वाटलं.

त्या संध्याकाळी मी वरण-भात, आलू-वांग्याची भाजी केली आणि ताटासोबत फोन ठेवला. "पाहा न, आता बराबर झालं."

त्यानं जेवताजेवता पाहिलं. फोटो मोठे करून पाहिले. हसला. "बरं झालं," म्हणाला. "मलेही वाटलंच होतं, कामरगावात कायचा लॉज असते." आणि भात वाढून घेतला. बस्स, एवढंच. माझं मनगट अजून सुजलेलं होतं, ते त्याच्यासमोरच होतं. पण मला राग आला नाही, मला आनंद झाला होता. त्या रात्री मी पोटभर झोपले, आणि सकाळी पानानं मला झोप चांगली झाल्याबद्दल शाबासकी दिली.

पुढचे काही दिवस सरळ गेले. माझं पान धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. वेळेवर निघाल्या, वेळेवर पोचल्या, वेळेवर घरी. वेगळं काही नाही.

मग एक दिवस तो जिनिंगवरून आला. तिथे दिवसभर तो कॅमेऱ्यांसमोर बसतो, कोणती बाई रुईच्या ढिगाआड जाऊन बसली ते बघतो. चिडून आला होता. माझा फोन घेतला, स्वतःचा घेतला, दोन्ही शेजारी धरून खाली-वर करत राहिला. मी चहा टाकला.

"आज काई नाई," तो म्हणाला.

"काय नाई?"

"वेगळं काईच नाई. काल नाई, परवा नाई." त्यानं वर पाहिलं. "माणूस असं रोज एकसारखं राह्यते काय? मोबाइल कोणापाशी ठेवून जाऊन राह्यली तू?"

मी चहाचं पातेलं उतरवायच्या आत त्यानं ते हातानं उडवलं. उकळता चहा माझ्या पायावर आला. मी ओरडले, तर त्यानं मानेत हात घालून मला भिंतीवर ढकललं. मग पोटात गुडघा. मग मी खाली असताना लाथा, एकामागून एक, कमरेत, बरगडीत. आत टीव्हीचा आवाज वाढला. तो धापा टाकत विचारत होता, "कोणापाशी ठेवून जाते? कोणापाशी?" आणि मला फरशीवर पडल्या पडल्या, तोंडात रक्ताची चव असताना, लख्ख कळलं की मी इतके दिवस गाढवासारखी खपले. खोटं पान असलं तरी मार होता, खरं पान असलं तरी मार होता. नकाशातला लॉज मी पुसला, पण त्याच्या हाताचा नकाशाशी काही संबंधच नव्हता.

तेवढ्यात माझं डावं मनगट थरथरलं. पट्टा. मी डोळ्यांसमोर धरून पाहिलं. त्यावर हिरवी अक्षरं होती : व्यायाम ओळखला. जोरदार. शाब्बास, आजचं उद्दिष्ट पूर्ण झालं.

मला हसू आलं. फुटलेल्या ओठांनी मी हसले, मोठ्यानं हसले, आणि मला थांबताच येईना. तो घाबरला असावा, कारण त्यानं आणखी एक लाथ घातली आणि मग अंगणात निघून गेला. मी तिथेच बसून पट्ट्याचे मागचे व्यायाम पाहिले. उलथण्याचा दिवस होता, जोरदार व्यायाम. लॉजचा दिवस होता, जोरदार व्यायाम, नेहमीपेक्षा जास्त. जिलेबीच्या काळात हा पट्टा असता तर मी केव्हाच पैलवान ठरले असते.

सकाळी उठून मी पट्टा काढला आणि पिठाच्या डब्यात खोल खुपसला. पर्समध्ये दोन साड्या आणि माझी सर्टिफिकेटं घेतली. त्या दिवशी लसीकरणाचं सत्र होतं, ते आटोपून संध्याकाळी परत यायचं नाही, थेट जऊळक्याला माहेरी जायचं, असं ठरवलं. सत्र बुडवायचं नाही. पोरांना डोस द्यायचे होते, त्यांनी माझ्या नवऱ्याचं काय घोडं मारलं होतं? लसीचा निळा डबा खांद्याला लावला. आत गोठवलेल्या पाण्याच्या चार वड्या असतात, वजन चांगलंच होतं. लॉजवर येऊन जीपमध्ये बसले. माझ्या शेजारी आमच्या आशाताई होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी खिडकीकडची जागा मला दिली.

जीप फेरीला निघाली. बाजारातून गेली, शाळेवरून गेली, लॉजवर आली. सीटा भरेनात. पुन्हा निघाली, पुन्हा आली. पट्ट्यानं तोवर आपलं काम केलं होतं. नाडी सापडत नाही, कृपया तपासा, असं काहीतरी त्याला कळवलं असणार. मोटारसायकल जीपसमोर आडवी लागली.

"पट्टा कुठाय?"

त्यानं दार उघडलं, माझी वेणी धरली आणि मला ओढून रस्त्यावर आणलं. मी गुडघ्यांवर पडले. त्यानं थोबाडीत मारली, डावीकडून, मग उजवीकडून. भर सकाळी, लॉजवर, साऱ्या गावासमोर. खतांच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन उभं राहिलं. कोणीतरी म्हणालं, "घरचा मामला आहे, बापा." ड्रायव्हरनं मागे वळून सीटा मोजल्या. आशाताई ओरडत होत्या, पण त्यांना कोणी वाट देत नव्हतं.

डबा माझ्या खांद्यावरच होता. त्यानं पुन्हा केसांना हात घातला तेव्हा मी खांद्याच्या बंदासकट डबा दोन्ही हातांनी धरला आणि उठता उठता त्याच्या तोंडावर घातला. नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो मागे गेला, मी पुढे गेले. दुसऱ्यांदा घातला तो कानावर बसला, नवरा मोटारसायकलीवर पडला, मोटारसायकल त्याच्यावर पडली. तिसऱ्यांदा मी वरून घातला. माझं मोडकं मनगट बोंबलत होतं, मी ते मोडकं मनगटच वापरलं. मला बरं वाटत होतं. नुसतं बरं नाही, मला गोड लागत होतं. त्याच्या शर्टावर रक्त उतरत होतं आणि मला वाटत होतं की अजून, अजून थोडं.

तेव्हा कुठे लोक धावले. चार-पाच जणांनी मला मागून धरलं. "बाई, बस करा. मरीन न तो." "बाईमाणसानं असं करावं काय?" "सोडा व, नवरा होय तुमचा." इतका वेळ मुके असलेल्या त्या सगळ्या गावाला एकदम वाचा फुटली होती.

मी डबा उघडून पाहिला. बर्फाच्या वड्या शाबूत होत्या, कुप्या फुटल्या नव्हत्या. डबा आशाताईंच्या हातात दिला आणि म्हटलं, शेजारच्या उपकेंद्रातल्या शिस्टरला बोलवा, सत्र झालं पायजे. ते झालं.

ठाण्यात मी माझ्या पायानं गेले. तो दुपारी आला, नाकावर कापसाचा बोळा, सोबत सासूबाई. जमादार थकलेले होते आणि त्यांना दोघांचं समजुतीनं मिटवायचं होतं. नवऱ्यानं आपला फोन टेबलावर ठेवला आणि माझी सगळी पानं दाखवली, कुठे गेली, किती थांबली, कुठल्या गल्लीत फिरली. मग मी माझा फोन ठेवला. व्यायाम दाखवले. हा उलथण्याचा, हा हेल्मेटचा, हा कालचा. जमादारांनी चष्मा लावून नीट वाचलं.

"बाई, याच्यात तं व्यायाम लिहिला आहे."

"तो व्यायाम नाई, साहेब. तो मार होय."

"असीन. पण मोबाइल तसं म्हणत नाई न." त्यांनी फोन मला परत दिला, वाईट वाटून दिला. मी तिथे बसले होते, ओठ फुटलेला, पायावर फोड आलेले, आणि टेबलावरच्या दोन्ही फोनना माझं काही ठाऊक नव्हतं. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आता समजूत घालतील, दोघांची सही घेतील, आणि संध्याकाळी मी पुन्हा त्याच ओट्यापाशी कणीक मळत असेन.

जमादार सासूबाईंकडे वळले. त्या बाकाच्या टोकाला, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मुलाच्या बाजूनं साक्ष द्यायलाच तो त्यांना घेऊन आला होता.

"माय, तुमी वडील माणूस. सारं गाव सांगून राह्यलं का बाईनं मारलं. तुमी घरातल्या. खरं सांगा, पहिला हात कोणं उचलला?"

"याच्या बापानं," सासूबाई म्हणाल्या.

जमादारांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोणं?"

"याच्या बापानं. मह्यावर. हा तवा पोटात होता."

"माय, काय बोलून राह्यली तू?" नवरा उठला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडेही पाहत नव्हत्या, समोरच्या कागदाकडे पाहत होत्या.

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "माय, थे जुनं झालं. हे आजच्या भांडणाचं सांगा."

"त्याच भांडणाचं सांगून राह्यली, साहेब," त्या म्हणाल्या. "अजून चालूच आहे थे. लिहा."